उजेड पसरावा की अंधार?

भाचीच्या साखरपुड्याचे फोटो पाहून झाल्यावर ताईने त्यांतला एक निवडला आणि मला पाठवताना खाली एवढेच लिहिले, "हा जरा स्वप्नातल्यासारखा करून दे." फोटो मीच काढलेला होता. डाव्या खिडकीतून आलेला सकाळचा उजेड भाचीच्या गालावर, नाकात मोत्यांची नथ, अंगावर अंजिरी पैठणी आणि पाठीमागे दिवा न लावलेल्या खोलीचा काळोख, असे ते चित्र होते. नव्या लेन्सच्या कृपेने ते इतके खणखणीत उतरले होते की गालावरच्या पावडरचे कणसुद्धा मोजता आले असते, आणि ताईची तक्रार नेमकी तीच होती.

मी सोपा मार्ग धरला. गिम्प या फोटो सुधारण्याच्या प्रोग्रॅममध्ये फोटो उघडला, लेअरची, म्हणजे चित्राच्या थराची, नक्कल केली, वरच्या लेअरला गॉशियन ब्लर हा धूसर करणारा फिल्टर लावला, त्याची ओपॅसिटी, म्हणजे अपारदर्शकता, निम्म्याच्याही वर ठेवली आणि पाच मिनिटांत फोटो परत पाठवून दिला. ताईचे उत्तर आले, "हात हलला का रे?" तिचे काही चुकले नव्हते. गरम चहाचा कप तोंडाशी नेताना चष्म्यावर वाफ धरते आणि त्या वाफेतून समोरचे माणूस जसे दिसते, तसा तो चेहरा दिसत होता. डोळे विझल्यासारखे झाले होते, नथीचे मोती एकमेकांत मिसळून त्यांचा पांढुरका गोळा झाला होता, आणि तरीही ज्या प्रकाशाच्या झुळकीसाठी हा सगळा खटाटोप केला होता तिचा कुठे पत्ता नव्हता.

चित्र धूसर करणे आणि चित्र मृदू करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला वास्तविक लहानपणीच कळायला हवे होते, कारण माझ्या काकांचा सांगलीत फोटो स्टुडिओ होता आणि शाळेच्या सुट्ट्यांतली बरीच दुपार मी तिथे काढलेली आहे. काकांच्या टेबलाच्या खणात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असे. त्यात लेन्सवर चढवायच्या साध्या काचांचे दोन यूव्ही फिल्टर होते. एकाच्या कडेला बोटाने व्हॅसलिन फासलेले असायचे आणि मधला रुपयाएवढा भाग कटाक्षाने स्वच्छ ठेवलेला असायचा. दुसऱ्यावर काळ्या नायलॉनच्या पायमोज्याचा तुकडा ताणून रबरबँडने बसवलेला होता. नवरीचे एकटीचे फोटो काढायची वेळ आली की यांपैकी एक फिल्टर लेन्सवर चढत असे. मात्र फिल्टर चढवल्यावरही काका फोकस करण्यात जेवढा वेळ घालवीत, तेवढा त्यांनी एरवी कधी घालवला नसेल. पापण्यांच्या केसांवर फोकस आला नाही तर ते बटण दाबीत नसत. त्यांचे म्हणणे असे, "डोळ्यात सुई ओवता आली पाहिजे बघ. मग बाकी तोंडाला काय लोणी फासायचं ते फास."

या वाक्यात सॉफ्ट फोकसचे, म्हणजे चित्र मृदू करण्याच्या या कलेचे, जवळजवळ सगळे शास्त्र आहे. लेन्सचा फोकस चुकला की वस्तूच्या प्रत्येक बिंदूची एक चकती होते आणि चकत्या एकमेकींवर पडून तपशील नाहीसा होतो. तो नंतर कोणत्याही उपायाने पुरता परत येत नाही. सॉफ्ट फोकसमध्ये मात्र बिंदू बिंदूच राहतो आणि त्याच्याभोवती एक फिकट वलय धरते. भिंगाच्या कडेवरून येणारे किरण मध्यातून येणाऱ्या किरणांपेक्षा थोडे अलीकडे एकत्र येतात, या दोषाला भौतिकशास्त्रात गोलीय विपथन म्हणतात. उत्तम लेन्स बनवणाऱ्यांनी हा दोष घालवण्यासाठी शतकभर डोके खपवले, तर पोर्ट्रेटच्या लेन्स बनवणाऱ्यांपैकी काहींनी तो मुद्दाम थोडासा शिल्लक ठेवला. जर्मनीच्या रोडेनस्टॉक कंपनीची इमागोन ही लेन्स याच जातीची. तिच्या विकासात हाइनरिश क्यून या छायाचित्रकाराचा हात होता, आणि तिच्याबरोबर चाळणीसारख्या भोकाभोकांच्या चकत्या मिळत. मधल्या मोठ्या भोकातून येणारा प्रकाश स्पष्ट चित्र काढी आणि भोवतालच्या बारीक भोकांतून येणारा प्रकाश त्या चित्रावर वलय चढवी. झाइसचा सॉफ्टार फिल्टर वेगळ्या वाटेने त्याच मुक्कामाला पोचतो. त्याच्या काचेवर भिंगासारखे बारीक बारीक उंचवटे विखुरलेले असतात; उंचवट्यांमधून गेलेला प्रकाश पसरतो आणि त्यांच्यामधल्या सपाट काचेतून गेलेला सरळ जातो. काकांच्या फिल्टरवरची व्हॅसलिन नसलेली रुपयाएवढी जागा हीच कामगिरी अडीच रुपयांत करीत होती.

आता या पसरण्यात एक गंमत आहे, आणि ती कळल्याशिवाय संगणकावर कितीही फिल्टर लावले तरी हाताला यश येत नाही. नथीच्या मोत्यावरून शंभर मात्रा प्रकाश येतो आहे आणि त्यामागच्या केसांवरून दोनच मात्रा येतो आहे, असे समजा. फिल्टरने मोत्याच्या प्रकाशातल्या पाच मात्रा इकडेतिकडे उधळल्या आणि त्या केसांवर पडल्या, तर मोती शंभराचा पंच्याण्णव होईल, जे डोळ्याला जाणवतही नाही. पण केस मात्र दोनाचे सात होतील, म्हणजे साडेतीन पट उजळतील. उलट केसांनी आपल्या सगळ्या दोन मात्रा मोत्याला देऊन टाकल्या तरी मोत्याला त्याचे काय? म्हणून कॅमेऱ्यावर लावलेल्या फिल्टरमध्ये उजेड अंधारात शिरतो, पण अंधाराला उजेडात शिरता येत नाही. आपण ज्याला स्वप्नातल्यासारखे म्हणतो तो परिणाम बहुतांशी या एकतर्फी वाहतुकीचा असतो.

हीच वाहतूक उलटी झाली तर काय होते, याचा पुरावा आमच्या घरात चाळीस वर्षे भिंतीवर टांगलेला होता. १९७८ साली आत्याचे लग्न झाले. सख्ख्या बहिणीचे लग्न म्हणून काकांनी तिचा मुंडावळ्या बांधलेला फोटो यशिकाच्या दोन भिंगांच्या कॅमेऱ्याने काढला, पण घाईगर्दीत फिल्टर लावायचा राहून गेला. मग डार्करूममध्ये त्यांनी युक्ती काढली. पायमोज्याचा तोच तुकडा, निगेटिव्हचे चित्र मोठे करून कागदावर पाडणाऱ्या एन्लार्जरच्या लेन्सखाली धरून त्यांनी प्रिंट काढली. कॅमेऱ्यावर जे काम होते ते एन्लार्जरखाली का होऊ नये, असा त्यांचा हिशेब होता. प्रिंट मृदू झाली खरी, परंतु चेहरा आजारातून उठल्यासारखा दिसू लागला. केसांचा काळा रंग कपाळावर उतरला, कुंकवाच्या कडेला सावली धरली, डोळ्यांखाली काजळ विस्कटल्यासारखी छटा आली आणि मुंडावळ्यांचे मोती चमकायच्या ऐवजी मळले. दुसरी प्रिंट काढायला कागद शिल्लक नव्हता की वेळ नव्हता, हे मला कोणी सांगितलेले नाही. टांगली गेली ती हीच.

कारण सरळ आहे. निगेटिव्हमध्ये केस पारदर्शक असतात आणि मोती काळे असतात. एन्लार्जरचा प्रकाश केसांच्या जागेतून भरपूर येतो, मोत्याच्या जागी अडतो, आणि जिथे प्रकाश पडेल तिथे फोटोचा कागद काळा होतो. पायमोज्याने पसरवला तो प्रकाशच, पण तो कागदावर काळोख उमटवणारा प्रकाश होता. कॅमेऱ्यापुढे धरलेला मोजा उजेड पसरवतो आणि एन्लार्जरखाली धरलेला तोच मोजा अंधार पसरवतो.

भाचीच्या फोटोकडे मी या नजरेने पुन्हा पाहिले तेव्हा गिम्पमधल्या ज्या याद्या मी इतकी वर्षे अंदाजपंचे चाळत होतो, त्यांचा अर्थ लागू लागला. धूसर केलेला वरचा लेअर साध्या पद्धतीने खालच्यावर ठेवला आणि त्याची ओपॅसिटी वाढवत नेली, तर स्पष्ट चित्र तेवढ्या प्रमाणात पुसले जाते, आणि माझ्या पहिल्या प्रयत्नात तेच झाले होते. त्याच लेअरचा मोड, म्हणजे तो खालच्या लेअरमध्ये मिसळण्याची रीत, स्क्रीन केला की उजेड पसरतो, मल्टिप्लाय केला की अंधार पसरतो. काळ्याला शून्य आणि पांढऱ्याला एक मानले, तर मल्टिप्लाय दोन्ही लेअरच्या आकड्यांचा सरळ गुणाकार करतो. स्क्रीन दोन्ही आकडे एकातून वजा करून त्यांचा गुणाकार करतो आणि तोही पुन्हा एकातून वजा करतो. केसांचा मूळचा आकडा ०.२ आहे आणि शेजारच्या मोत्यामुळे धूसर लेअरमध्ये त्या जागी ०.५ आले आहे, असे धरा. स्क्रीनमध्ये तिथे ०.६ येते, म्हणजे केसांवर झळाळी चढते, मल्टिप्लायमध्ये ०.१ येते, म्हणजे केस होते त्याहून काळे होतात.

भाचीच्या फोटोला म्हणून स्क्रीन लावला. कॅमेऱ्यातून आलेली फाइल ६००० बाय ४००० पिक्सेलची होती, तिला ब्लरचा आकार ४० ठेवला आणि ओपॅसिटी ३० टक्क्यांवर आणली. स्क्रीनमुळे सगळे चित्रच उजळते आणि गालावरचा उजेड पांढरा फटक पडण्याची भीती असते, म्हणून खालच्या मूळ लेअरचे एक्स्पोजर, म्हणजे प्रकाशाची मात्रा, आधीच अर्ध्या स्टॉपने उतरवून घेतले (एक स्टॉप उतरवला की प्रकाश निम्मा होतो). मग वरच्या लेअरला मास्क, म्हणजे हवा तेवढाच भाग झाकणारा पडदा, लावून मऊ ब्रशने दोन्ही डोळे, ओठांची कड आणि नथीची तार एवढ्या जागी धूसरपणा निम्म्याहून अधिक काढून टाकला. हा मास्क म्हणजे काकांची रुपयाएवढी स्वच्छ काचच आहे. फरक एवढाच की ती काच नेहमी गोल आणि मध्यभागी असायची, तर मास्क डोळ्याच्या आकाराचा करता येतो. आता नथीतला प्रत्येक मोती वेगळा दिसत होता आणि प्रत्येकाभोवती साबणाच्या फेसासारखे हलके वलय होते. पैठणीच्या काठावरची जर, जी मूळ फोटोत पिवळी तार वाटत होती, ती आता थोडीशी पेटल्यासारखी दिसत होती. पावडरचे कण गेले होते, गालावरचा तीळ मात्र जागच्या जागी होता.

तिळाचा उल्लेख मी मुद्दाम केला. मोबाइलमधले सौंदर्य वाढवणारे बहुतेक फिल्टर त्वचा शोधून काढतात आणि तेवढीच सारवतात. त्यात तीळ, लव, हसताना पडणाऱ्या रेषा सगळेच जाते आणि माणूस मेणाचा होतो. त्याला सॉफ्ट फोकस म्हणणे हा शब्दाचा अपमान आहे. सॉफ्ट फोकसला त्वचा म्हणजे काय ते माहीत नसते. त्याला फक्त उजेड आणि काळोख कळतो, आणि मोती, जर, गाल, भिंत या सर्वांना तो एकच न्याय लावतो. त्यामुळेच त्या चित्राला एक हवा मिळते. फोनवरच काम करायचे असेल तर स्नॅपसीड ॲपमधला ग्लॅमर ग्लो त्यातल्या त्यात बरा, फक्त त्याचे जे प्रमाण सुरुवातीला आवडेल त्याच्या निम्म्यावर थांबावे. संगणकावरच्या लाइटरूम या प्रोग्रॅममध्ये क्लॅरिटीची पट्टी शून्याच्या डावीकडे नेली की काहीसा असाच परिणाम मिळतो, परंतु तिथे उजेड पसरण्यापेक्षा मधल्या छटांमधला उठाव कमी होण्याचा भाग मोठा असतो, म्हणून ती मी वीसच्या पलीकडे नेत नाही.

या मृदुतेला फार जुनी परंपरा आहे आणि तिचा एक धागा आपल्या देशातूनही जातो. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन १८१५ साली कलकत्त्यात जन्मली, १८६३ च्या डिसेंबरात, वयाच्या ४८ व्या वर्षी, मुलीने आणि जावयाने दिलेला पहिला कॅमेरा तिच्या हाती आला, आणि पुढच्या दहाबारा वर्षांत तिने काढलेली पोर्ट्रेट आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत. त्या काळच्या तज्ज्ञ मंडळींनी तिला फोकस करता येत नाही म्हणून नावे ठेवली. फोकसचे चाक फिरवताना चित्र सुंदर दिसू लागले की ती तिथेच थांबे, पुढे काटेकोर स्पष्टतेपर्यंत जात नसे. तिच्या चित्रांतली मृदुता फिल्टरची नव्हे. ओल्या कोलोडियनच्या, म्हणजे रसायनाचा ओला थर दिलेल्या, काचांना लागणारे मिनिटामिनिटांचे एक्स्पोजर, तेवढ्या वेळात बसलेल्या माणसाचे होणारे श्वासोच्छ्वास आणि चेहऱ्याचा थोडासाच भाग फोकसमध्ये ठेवणारी लेन्स, या सर्वांची ती बेरीज आहे. म्हणजे माझ्या व्याख्येप्रमाणे तिची बरीच चित्रे धूसरच ठरतात. तरीही ती उत्तम आहेत, आणि माझ्या व्याख्येला तेवढे छिद्र मी राहू देतो.

अंधार पसरणे हे नेहमीच वाईट, असा समज वरच्या हकिकतीवरून होईल, पण तसे नाही. १९८० च्या दशकात मायकेल ऑर्टन या कॅनेडियन छायाचित्रकाराने जी पद्धत रूढ केली आणि जिला आज त्याच्याच नावाने ऑर्टन इफेक्ट म्हणतात, तिच्यात अंधारच कामाला लावलेला आहे. तो स्लाइड फिल्मवर, म्हणजे सुलटे पारदर्शक चित्र देणाऱ्या फिल्मवर, एकाच दृश्याचे दोन फोटो काढी, एक स्पष्ट आणि एक मुद्दाम फोकस घालवलेला, आणि दोन्ही स्लाइड एकीवर एक ठेवून एकाच चौकटीत बसवी. दोन स्लाइडमधून जाताना प्रकाश दोनदा अडतो, म्हणून दोन्ही फोटोंना नेहमीपेक्षा जास्त एक्स्पोजर देऊन ते आधीच फिके करून ठेवावे लागत. संगणकावर याची हुबेहूब नक्कल करता येते. फोटो स्वतःवरच स्क्रीन करून आधी फिका करायचा, ते दोन लेअर एकत्र करायचे, त्याची नक्कल काढून तिला ब्लर लावायचा आणि मल्टिप्लायने वर ठेवायची.

हे मी माथेरानच्या एका फोटोवर करून पाहिले. दस्तुरी नाक्यापासून झुकझुक गाडीच्या रुळांच्या कडेने सकाळी आठच्या सुमारास चालत होतो, डिसेंबर होता, पुढून दोन घोडे गेले आणि त्यांच्या टापांनी उडालेली लाल धूळ झाडांमधून तिरप्या येणाऱ्या उन्हात क्षणभर तरंगत राहिली. फोटोत ती धूळ आली होती, ऊन आले होते, पण दोघांचे जे काही जमले होते ते आले नव्हते. ऑर्टनच्या कृतीने ते बऱ्याच अंशी परत आले, आणि का आले ते आकड्यांत पाहण्यासारखे आहे. तिथल्या मातीच्या एका तुकड्यात लाल ०.६, हिरवा ०.४ आणि निळा ०.२ असे आकडे धरले, तर आधी स्क्रीन आणि मग मल्टिप्लाय झाल्यावर ते साधारण ०.७१, ०.४१ आणि ०.१३ होतात. लाल रंग निळ्याच्या तिप्पट होता तो जवळजवळ साडेपाच पट झाला. रंगाच्या पट्टीला हात न लावता माती अधिक लाल झाली, पाने अधिक हिरवी झाली आणि खोडांच्या काळ्या बाजू खोल गेल्या. ज्यांना गणिताची आवड आहे त्यांच्यासाठी सांगतो, या कृतीत जो आकडा जसाच्या तसा राहतो तो ०.३८२ आहे, म्हणजे सुवर्ण गुणोत्तराचाच भाईबंद. त्याच्या वरचे सगळे उजळते, खालचे सगळे काळवंडते. ऑर्टनच्या स्लाइडना याची खबर असण्याचे काही कारण नव्हते.

यश मिळाले की माणूस हावरा होतो. मग मी भीमाशंकरच्या जंगलातला जुलैतला एक फोटो घेतला, ज्यात खरेखुरे धुके होते. स्वप्नवत दृश्याला स्वप्नवत फिल्टर म्हणजे दुधात साखर, असे वाटले. प्रत्यक्षात दूधच उतू गेले. धुक्यातल्या फोटोत खरा काळा रंग जवळजवळ नसतोच. माझ्या त्या फोटोतले बहुतेक आकडे ०.५ ते ०.८ यांच्या दरम्यान होते, म्हणजे सगळेच्या सगळे त्या ०.३८२ च्या वरच्या बाजूचे. कृतीनंतर ०.५ चे ०.५६ झाले, ०.७ चे ०.८३ झाले आणि ०.८ चे ०.९२ झाले. मागची झाडे पांढऱ्यात विरघळून गेली आणि पुढचे एक झाड तेवढे, वाट चुकल्यासारखे, उभे राहिले. धुक्याने आपले काम आधीच केलेले असते. उजेड पसरायला शेजारी काळोख लागतो आणि अंधार पसरायला शेजारी उजेड लागतो. जिथे दोन्ही नाहीत तिथे फिल्टरला करण्यासारखे काही उरत नाही. माथेरानच्या फोटोतही एके ठिकाणी मास्क लावावाच लागला. फांद्यांची टोके मोकळ्या आकाशावर आली होती आणि तिथे आकाशाचा पांढरेपणा आणि फांद्यांचा काळेपणा एकमेकांत मिसळून पूर आलेल्या पाण्यासारखी गढूळ कड तयार झाली होती.

दोन किरकोळ गोष्टी, ज्या मला चुका करून कळल्या. ब्लरचा आकार हा चित्राच्या पिक्सेलवर अवलंबून असतो. ६००० पिक्सेल रुंद फाइलला ४० शोभतो, तर व्हॉट्सॲपवरून आलेल्या १५०० पिक्सेलच्या फोटोला तोच परिणाम साधण्यासाठी १० पुरतो, आणि तिथे कोणी ४० लावला तर चेहऱ्याचे वलय खांद्यापर्यंत पोचते. दुसरी गोष्ट अशी की जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ च पायऱ्या असतात, त्यामुळे सपाट भिंतीवर किंवा आकाशात ब्लर पसरला की पायऱ्यापायऱ्यांचे पट्टे दिसू लागतात. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या, फाइलपासून सुरुवात करून सगळे काम जास्त बिटच्या खोलीत, म्हणजे जास्त पायऱ्यांत, करावे आणि शेवटी चिमूटभर ग्रेन, म्हणजे फिल्मसारखा रवा, टाकावा, म्हणजे पट्टे मोडतात. ताईला दिलेल्या प्रिंटमध्ये भाचीच्या मागची भिंत पहिल्यांदा अशीच कांद्याच्या पाकळ्यांसारखी छापून आली होती, आणि प्रिंट काढणाऱ्याशी हुज्जत घातल्यावर चूक माझी निघाली.

भाचीचा फोटो भिंतीवर लागला तेव्हा त्याच्या शेजारी आत्याचा १९७८ चा फोटो होता. दोन्ही एकत्र पाहिल्यावर जुन्याचा मळकेपणा फारच टोचू लागला, म्हणून मी काकांच्या ट्रंकेतून मूळ निगेटिव्ह शोधून काढली. सुदैवाने मोजा एन्लार्जरखाली होता, कॅमेऱ्यावर नव्हता, त्यामुळे निगेटिव्ह काचेसारखी स्वच्छ होती. लाइटबॉक्सवर ठेवून मॅक्रो लेन्सने तिचा फोटो काढला, गिम्पमध्ये उघडला, आणि आता सगळे कळते आहे अशा थाटात लगेच धूसर लेअर करून त्याचा मोड स्क्रीन केला. निगेटिव्हमध्ये वलये सुरेख दिसत होती. मग चित्र उलटे करून पॉझिटिव्ह केले, आणि पडद्यावर काकांची ती प्रिंटच उभी राहिली: तेच उतरलेले केस, तीच डोळ्यांखालची छटा, तेच मळलेले मोती. उलट्या चित्रावर केलेला स्क्रीन म्हणजे सुलट्या चित्रावरचा मल्टिप्लायच, हे त्या सूत्रात उघडउघड लिहिलेले आहे, आणि मी ते वरच्या परिच्छेदांत लिहिल्याप्रमाणे आकडेमोड करून पाहिलेही होते. तरी चुकलो, आणि ज्या जागी काका चुकले नेमक्या त्याच जागी चुकलो.

सगळे रद्द करून आधी चित्र सुलटे केले आणि मग स्क्रीन लावला. ओपॅसिटी २५ टक्के, डोळ्यांवर आणि कुंकवावर मास्क. प्रिंट घेऊन आत्याकडे गेलो, तर तिने ती खिडकीपाशी नेली, चष्मा वर करून डोळ्यांजवळ धरली आणि बराच वेळ कपाळावरून बोट फिरवत राहिली. "अरे, मुंडावळ्यांना दोन पदर होते की," ती म्हणाली, "मला आपलं इतकी वर्षं एकच वाटत होता." वरचा पदर केसांना लागून होता. जुन्या प्रिंटमध्ये तो काळ्यात गेला होता.